एनॉस पिटमनचं न दिलेलं मत

कारकून नावं पुकारत होता आणि एनॉस पिटमन दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून बसला होता. तोंडात तंबाखूचा एवढा मोठा तोबरा होता की 'हो' म्हणायचं म्हटलं तरी आधी पिकदाणी शोधावी लागली असती. मुद्दामच भरला होता तो. स्वतःच्या जिभेवर भरवसा नसला की माणूस असलं काहीतरी करतो.

"मिस्टर ओगल्ट्री?"

"हो."

"मिस्टर पार्डी?"

"नाही."

"मिस्टर पिटमन?"

सभागृह गप्प झालं. शेगडीत ओलं लाकूड चरचरत होतं तेवढंच. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "मिस्टर पिटमन?"

"झोपला काय रे सुतार?" मागून कोणीतरी म्हणालं. दोनचार जण हसले. एनॉसने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर इंडियानापोलिसच्या चिखलात कोणाची तरी डुकरं फिरत होती. कारकुनाने खांदे उडवले आणि पुढे गेला. "मिस्टर क्विग्ली?" मग थोड्या वेळाने, "मिस्टर रज?" तेही नाव रिकामं गेलं.

एनॉसच्या आयुष्यात सांगण्यासारखं म्हणाल तर हेच. बाकीचं सगळं याच्या आधीचं नाहीतर नंतरचं.

हिकरी बेंडमध्ये आजही लोक त्याला 'मुका मेंबर' म्हणतात. दुसऱ्या गावच्यांनी म्हटलं तर समजू शकतं. पण जे त्याने बसवलेल्या दारांतून रोज आतबाहेर करतात, त्याच्या हातच्या पाळण्यात ज्यांची पोरं वाढली, तेच म्हणतात. तेव्हा डोकं फिरतं.

एनॉस सुतार होता. दारं, पाळणे, गाडीची चाकं, शवपेट्या, जे पडेल ते. लग्न केलं नाही. बोलायचा कमी. आणि त्याला विधानसभेवर पाठवलं ते नदीपायी.

आमच्या आणि जिल्ह्याच्या कचेरीच्या मध्ये स्टिलवेल नदी आहे. जमिनीचा कागद करायचा, लग्नाचा परवाना आणायचा, ज्युरीवर बसायचं, सगळ्याला पलीकडे. उन्हाळ्यात पोरंसुद्धा गुडघाभर पाण्यातून जातात. पण बर्फ वितळायला लागलं की तीच नदी माणसं खाते. एका मार्चमध्ये जेकब टॉलिव्हरला ज्युरीचं बोलावणं आलं. नाही गेलं तर शिपाई येतो, म्हणून तो गेला. हा जेकब म्हणजे एनॉसच्या थोरल्या बहिणीचा, कझायाचा नवरा. एनॉसने पेटी आधी केली, जेकब नंतर सापडला, खाली गिरणीच्या बांधाला अडकलेला.

त्यानंतर प्रार्थनाघरात सगळे जमले. अलीकडच्या गावांचा वेगळा जिल्हा हवा, कचेरी आपल्या काठाला हवी, एवढंच मागणं. कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं एनॉसकडे वळली. त्याची बहीण विधवा झालेली. त्याच्याइतकं हे कोणाला लागणार होतं? तो दारापुढच्या ओंडक्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "जिल्हा आणतो. दुसरं मला काही येत नाही." मतं तेव्हा तोंडाने द्यायची, सगळ्यांदेखत. आमच्या काठाने एक मत दुसऱ्याला गेलं नाही.

निघायच्या दिवशी कझाया त्याच्या पिशवीत मक्याची भाकरी आणि खारवलेलं मांस भरत होती.

"भाषणबिषण करायला जाऊ नकोस तिथं," ती म्हणाली. "तुला जमत नाही. घाम फुटतो तुला."

"नाही करत, ताई."

"हो म्हणायची वेळ आली की हो म्हण. तेवढं जमेल ना?"

"तेवढं जमेल."

राजधानीत त्या डिसेंबरात मेंबर इतके आणि खाटा इतक्या कमी की एका खाटेवर दोघं झोपायचे. कोण कोणाबरोबर, ते खाणावळवाली ठरवायची. मिसेस व्हँडिव्हर पक्ष बघायची नाही, अंग बघायची. जाडा आणि बारीक अशी जोडी लावायची, म्हणजे खाट मोडत नाही. एनॉस काटकुळा. त्याच्या वाट्याला आला थिओफिलस रज. लाकडी पिंपासारखा माणूस, दक्षिणेकडच्या टेकड्यांतला शेतकरी, आणि कट्टर व्हिग पक्षाचा. एनॉस विरुद्ध पक्षाचा, डेमोक्रॅट.

"बाई, याला माझ्या बाजूला झोपवलंत तर सकाळी एकतरी मुडदा निघेल," रज म्हणाला.

"निघू दे की. खाट तर रिकामी होईल," मिसेस व्हँडिव्हर म्हणाली आणि दिवा घेऊन निघून गेली.

सुरुवातीला पांघरुणावरून भांडणं. मग बँकेवरून. रज म्हणायचा सरकारी बँक पाहिजे, एनॉस म्हणायचा बँकवाले चोर. "तुझं पोट बघून कळतं तू कोणाच्या बाजूचा," एनॉस म्हणायचा. "आणि तुझं बघून कळतं तुमच्या राज्यात लोकांना काय खायला मिळेल," रज म्हणायचा. मग दोघं हसायचे आणि खाट करकरायची. अशी त्यांची गट्टी जमली. दिवसभर सभागृहात एकमेकांच्या विरुद्ध ओरडायचे आणि संध्याकाळी एकाच ताटलीतून मका खायचे.

रजने जिल्ह्याचं सगळं ऐकलं होतं. जेकबचंही ऐकलं होतं. ऐकून त्याने नुसतं पांघरूण एनॉसकडे सरकवलं होतं.

जानेवारीत एक गाडीवान निरोप घेऊन आला. रजच्या धाकट्या पोरीला ताप चढलाय, माणसं ओळखत नाही. रज तसाच उठून आपल्या पुढाऱ्याकडे गेला. व्हिगांचा सभागृहातला पुढारी होता डेलाहे नावाचा वकील. डेलाहे म्हणाला, बँकेचं बिल उद्यापरवा येतंय, दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत, एकालाही सोडता येणार नाही. पोरी काय, बऱ्या होतात.

रज खोलीत येऊन खाटेवर बसला. एवढा मोठा माणूस, पण बूट घालता येईना. पाय बुटात जात नव्हता.

"तू जा," एनॉस म्हणाला.

"कसा जाऊ? माझं एक मत कमी झालं तर बँक पडते. जन्मभर मला गद्दार म्हणतील."

"मी जोडी लावतो तुझ्याशी."

जोडी लावणं ही तिथली जुनी रीत. दोन पक्षांचे दोघं ठरवतात, एक जाणार असेल तर दुसऱ्याने मत द्यायचं नाही. इकडचं एक कमी, तिकडचं एक कमी, हिशेब तोच. कुठे लिहून ठेवत नाहीत. हात मिळवला की झालं. तो मोडणारा माणूस त्या सभागृहात पुन्हा मान वर करू शकत नाही.

सभा भरायच्या आधी शेगडीपाशी हात मिळवले गेले. डेलाहे होता. एनॉसच्या पक्षाचा पुढारी, वकील स्टॅनफिल, तोही होता. एनॉस म्हणाला, "तू परत येईपर्यंत माझं तोंड बंद."

रजने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. शेवटी एनॉसच म्हणाला, "जा रे बाबा. घोडा उभा आहे." रज निघाला. डेलाहे त्याच्याबरोबर बाहेर गेला.

स्टॅनफिलने एनॉसला कोपऱ्यात घेतलं. "पिटमन, शब्द बेताने द्यावा. बँकेपुरता म्हणायचं होतंस. येईपर्यंत म्हणजे काय? चिखलात गाडी रुतली तर तू वसंतापर्यंत मुका?"

"त्याची पोर मरायला टेकलीय, वकीलसाहेब. मी काय गज घेऊन शब्द मोजत बसू?"

"सुतार आहेस ना? मोजायला तुला कोणी शिकवावं लागतं?"

बँकेचं मतदान झालं. एनॉस गप्प, रज नाही, कोणाचं काही बिघडलं नाही. पण रज परत आला नाही. आज येईल, उद्या येईल करत एनॉस रोज डाकगाडीच्या वेळेला चौकात जाऊन उभा राहायचा. मिसेस व्हँडिव्हरने खाटेवर दुसरा माणूस टाकू का विचारलं तर म्हणाला, "नको, तो येतोय."

आणि डेलाहे मूर्ख नव्हता. नवा जिल्हा आमच्या काठाला झाला तर तिथून जाणारा प्रत्येक मेंबर डेमोक्रॅट असणार, हे त्याला कळत होतं. जिल्ह्याचं बिल अजून यादीत खूप खाली होतं, त्याला बराच वेळ होता. डेलाहेने ते वर काढलं. एनॉसचं तोंड बंद आहे तेवढ्यात.

त्या सकाळी स्टॅनफिल बाकाशी येऊन वाकला. "पिटमन, ऐक. आपले सगळे आहेत. त्यांच्यातले दोघंतिघं आपल्या बाजूने येतायत, आपले तेवढेच तिकडे फुटतायत. तू हो म्हटलंस की पास. गप्प बसलास तर सारखी मतं पडणार, आणि सारखी पडली की बिल मेलं."

"मी शब्द दिलाय."

"बँकेसाठी दिलास. जिल्हा हा काही पक्षाचा प्रश्न आहे का? नदी व्हिग आहे का?"

"मी म्हणालो, येईपर्यंत."

"ज्याला म्हणालास तो इथे नाही."

"म्हणूनच तर."

स्टॅनफिलने सुस्कारा टाकला. "बरं. मग निदान जाऊन डेलाहेला विचार. एवढंच विचार की जिल्हा त्या जोडीत धरलाय का. बोलायचे काही पैसे पडत नाहीत."

एनॉसने पलीकडे पाहिलं. डेलाहे चाकूने नखं कोरत बसला होता. त्याने एकदा वर पाहिलं, त्यांची नजर भेटली, आणि डेलाहे परत नखांकडे वळला.

एनॉस उठला नाही. आमच्याकडे माणसाला लहानपणापासून एकच शिकवतात, दिलेला शब्द सैल करा म्हणून समोरच्यापुढे हात पसरायचा नाही. द्यायचा तो द्यायचा, मग तोंडातून रक्त आलं तरी चालेल. आमचे बाप असेच होते, आम्हीही तसेच आहोत. एनॉसला वाटलं, विचारायला गेलो म्हणजे अर्धा शब्द तिथंच मोडला. म्हणून त्याने खिशातून तंबाखू काढली आणि गाल भरला.

मतं सारखी पडली. बिल पडलं.

तो हिकरी बेंडला परतला तेव्हा बातमी आधी पोचलेली होती. वाटेत कोणी थांबवलं नाही. कझाया अंगणात कपडे पिळत होती.

"रज म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"माझ्या खाटेवर झोपायचा."

"त्याची पोर जगली का?"

"माहीत नाही. तो आलाच नाही."

कझायाने कपडा झटकला आणि दोरीवर टाकला. "कोणाच्या तरी पोरीसाठी गप्प बसलास. चांगलं केलंस. पण जेकबसाठी तोंड उघडायला गेला होतास, एनॉस. मी एकच सांगितलं होतं तुला."

"हो ताई."

"एकच."

तिने पुढचा कपडा उचलला. त्यानंतर बरेच दिवस ती त्याला वाढायची पण समोर बसायची नाही.

गावाने उलट केलं. त्यांनी बोलणं सोडलं नाही, वाढवलं. गिरणीवर, लोहाराकडे, जिथं जाईल तिथं. "मेंबर आले, गप्प बसा रे." "हो की नाही तेवढं तरी सांगा, मेंबर, पीठ जाड दळू का बारीक?" एनॉस पोतं उचलायचा आणि निघायचा. त्याच्या बाजूने बोलणारे अगदी थोडे होते आणि त्यांनाही लोक हसायचे. हसोत. दिलेला शब्द पाळला म्हणून हसणाऱ्यांनी स्वतः किती पाळले ते सांगावं.

पण नदीला हे कोण सांगणार? दोन वर्षांनी, बर्फ वितळायच्या दिवसांत, लूसिंडा हेझलरिग पलीकडे निघाली. नवरा वारलेला, जमीन पोरांच्या नावावर करायची होती. नवऱ्याचा चुलता कागद आधी करून घेईल म्हणून घाईने गेली. होडी उलटली. होडीवाला वाचला, ती नाही.

पेटी एनॉसनेच केली. दुसरा सुतार होता कोण? ओक वापरला, ओक मातीत टिकतो म्हणून. कोणालाही रंधा धरू दिला नाही. खिळे ठोकायच्या वेळेला लूसिंडाचा भाऊ, रूफस, दारात उभा राहून म्हणाला, "झाकण घट्ट बसव, सुतार. तोंड बंद ठेवणं तुला छान जमतं."

तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कोणी रूफसला आवरलं नाही. एनॉसने खिळा ठोकला. मग दुसरा. एक वाकडा गेला तेव्हा तो काढून सरळ केला आणि परत ठोकला. पेटी खांद्यावर घ्यायला तोच पहिला पुढे झाला. रूफसला वाटलं ढकलावं, पण ढकललं नाही.

पुढे जिल्हा झाला. पार मागाहून, दुसऱ्याच एका मेंबरने केला, आणि चौकात त्याच माणसाचं नाव आहे. कचेरीची दारं मात्र एनॉसने केली. उद्घाटनाला बोलावलं होतं, गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच जाऊन दार उघडझाक करून बघून आला, कुठे घासतंय का ते.

म्हातारपणी कझाया आणि तो त्या एकाच घरात राहिले. तिचा राग कधी उतरला ते तिलाही सांगता येणार नाही. शेवटच्या हिवाळ्यात त्याची छाती भरली, तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून शेंगा सोलायची. एकदा तिने विचारलं.

"मत दिलं असतंस तर त्या रजने तुला काय केलं असतं?"

"काही नाही. आधी शिव्या घातल्या असत्या, मग पांघरूण ओढून घेतलं असतं."

"बस?"

"बस."

"मग, अरे देवा, का नाही दिलंस?"

त्याला खोकला आला. ती थांबली. "मला वाटायचं," तो म्हणाला, "तो तिकडे पोरीच्या उशाशी बसलाय तो माझ्या भरवशावर. आता वाटतं, लूसिंडापण कोणाच्या तरी भरवशावरच होडीत बसली असेल." मग म्हणाला, "दोन्ही बाजूंनी माझीच माणसं होती, ताई. मला दोनच हात."

"तू सुतार होतास," कझाया म्हणाली. "मेंबर कशाला झालास?"

"तुम्हीच पाठवलंत."

यावर ती पहिल्यांदा हसली आणि मग बराच वेळ एप्रनच्या टोकाने डोळे पुसत बसली. मार्चच्या आधी तो गेला. पेटी करायला पलीकडून माणूस आणावा लागला. झाकणाची एक कड बसली नाही. एनॉसने बघितलं असतं तर सगळं उपसून परत केलं असतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आयोवाला निघालेल्या गाड्यांचा तांडा गावात थांबला. एका गाडीचं चाक मोडलं होतं. त्यातून एक लठ्ठ, पांढऱ्या केसांचा म्हातारा उतरला आणि म्हणाला, इथे पिटमन नावाचा सुतार असतो ना, माझा दोस्त आहे. कोणीतरी त्याला कझायाकडे नेलं. तो रज होता. त्याची ती पोर त्या जानेवारीतच गेली होती, मग तो घराबाहेर पडलाच नाही, आणि अधिवेशन संपल्यावर तिथूनच राजीनामा पाठवून दिला होता. परत राजकारणाचं नाव काढलं नाही, वर्तमानपत्र उघडलं नाही. जिल्ह्याचं काय झालं ते त्याला कझायाने सांगितलं तेव्हाच कळलं. तो तिच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, डेलाहे मला तबेल्यापर्यंत सोडायला आला होता. घोड्यावर चढताना मी त्याला बजावलं होतं, जोडी बँकेपुरती आहे, जिल्ह्याच्या बिलाला पिटमन मोकळा आहे, त्याला तेवढं सांग. डेलाहे म्हणाला, सांगतो.